हेदवळची शीम

गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. दारांना बाहेरून कड्या घातलेल्या, गोठे रिकामे, कोंबड्यांची खुराडी उघडी. घोडके दारोदार हाका मारत फिरला आणि परत येऊन म्हणाला, "सायेब, समदे मेले का काय?"

घोडके माझा खलाशी. बोटीवरचा नव्हे. नकाशाच्या कामात साखळी, पट्टी, छत्री आणि साहेबाचा राग वाहून नेणाऱ्या माणसाला आमच्याकडे खलाशी म्हणत. तो नगरकडचा होता, वयानं माझ्याहून बराच मोठा, आणि अभद्र बोलण्यात त्याचा हात धरणारा मला आजवर भेटलेला नाही.

मी तेव्हा तिशीच्याही आतला होतो. सावंतवाडीच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगराळ मुलखाचा नवा नकाशा चालला होता. विमानातून काढलेल्या फोटोंत घरं, ओढे, वाटा सगळं दिसे. पण त्या घरात माणूस राहतो की वटवाघूळ, हे फोटोला कळत नाही. ते पाहायला आम्हाला पायी पाठवत. गाव नांदतं असेल तर नुसतं नाव लिहायचं, नसेल तर नावापुढे 'ओसाड' लिहायचं. हेदवळ हे माझ्या वाट्याचं शेवटचं गाव होतं. ते उरकलं की मी करमाळ्याला घरी जाणार होतो.

गाव ओसाड असण्याला कारणही समोर दिसत होतं. वरच्या अंगाला मँगनीजची जुनी खाण होती. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीनं डोंगराची एक बाजू खरवडून नेली आणि भाव पडल्यावर गाशा गुंडाळला. गंजलेल्या ढकलगाड्या आणि पत्रे उडालेली मजुरांची चाळ तेवढी मागे राहिली होती. खाण गेली, तिच्यामागोमाग गाव गेलं, असा मी हिशेब केला. असली गावं मी आधीही पाहिली होती. मात्र एका पडवीत नवे भोपळे टांगलेले दिसले आणि माझी पेन्सिल थांबली. गाव सोडून जाणारी माणसं भोपळे टांगून कशाला जातील?

म्हटलं, खाणीवर चढून वरून सगळा पसारा बघावा आणि मग काय ते लिहावं. गावातलं शेवटचं घर इतरांपासून जरा सुटं, वरच्या बाजूला, काजूंच्या झाडांत होतं. त्याच्या खळ्यातून मी पुढे गेलो. खळं म्हणजे तिकडचं अंगण. घोडके मागे विडी पेटवत थांबला होता. करवंदीच्या जाळीला वळसा घालताना पायाखालचा पाला गेला, आणि पाल्याबरोबर मीही गेलो.

जमिनीखाली दगड किती खोल आहे ते पाहायला कंपनीनं ठिकठिकाणी उभे खड्डे मारले होते. जाताना ते बुजवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी पडलो तो खड्डा विहिरीसारखा अरुंद होता, दोन पुरुष तरी खोल असेल. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, ते आवाजावरूनच कळलं. पण पायापेक्षा वाईट गोष्ट निराळीच होती. खड्ड्याच्या भिंती भुसभुशीत होत्या आणि मी जरा हललो की वरून माती सुटायची. मोठा ढपला सुटला असता तर मला काढायची गरजच उरली नसती, मी जागीच पुरला गेलो असतो.

घोडकेनं काठाशी पालथं पडून खाली पट्टी सोडली. ती पट्टी कापडी होती. मी तिच्याकडे पाहिलं, त्यानंही पाहिलं, आणि मग तो माणसं शोधायला पळाला.

तो परत आला तेव्हा माती माझ्या मांड्यांपर्यंत आली होती. धापा टाकत त्यानं वरून सांगितलं की गाव सापडलं. खाली ओढा आहे, त्याच्या पलीकडे सगळं गाव जत्रेला आल्यासारखं चटया उभारून बसलं आहे. गुरं, कोंबड्या, कुत्री, चुली, सगळं तिथं आहे. मी म्हटलं, मग माणसं का आणली नाहीस? तर म्हणाला, "त्यास्नी आत यायला बंदी हाय, सायेब."

ती गावपळण होती. आता मला ती ठाऊक आहे, तेव्हा नव्हती. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव मुलालेकरांसकट शिमेबाहेर जाऊन राहतं. शीम म्हणजे गावाची हद्द. तीन दिवस गाव देवाच्या हवाली असतं, आणि तेवढ्या काळात गावकऱ्यांपैकी कुणी आत पाऊल टाकलं तर त्याचा दोष त्याच्यावर आणि त्याच्या घरावर येतो. हेदवळची शीम त्या बाजूला ओढ्यावर, तिकडच्या भाषेत व्हाळावर, होती. माझा खड्डा ओढ्याच्या अलीकडे, गावाच्या हद्दीत होता. आमचा तंबू बराच लांब होता, तिथून दोर आणि माणसं यायला संध्याकाळ झाली असती. भिंतींची माती तोवर थांबणार नव्हती. घोडकेला बंदी नव्हती, पण मातीत रुतलेल्या माणसाला एकट्यानं दोरानं ओढून काढणं शक्य नव्हतं.

खड्डा ओढ्यापासून लांब नव्हता, त्यामुळे तिकडचा गलका मला ऐकू येत होता. जे दिसत नव्हतं ते घोडके वरून सांगत होता. दोन तरुण पोरं दोरखंड घेऊन पाण्यात उतरली होती आणि एका म्हाताऱ्यानं त्यांना आडवं होऊन अडवलं होतं. त्या म्हाताऱ्याला सगळे गावकर म्हणत होते. गावकर म्हणजे देवाच्या कामातला गावातला पहिल्या मानाचा माणूस. घोडके म्हणाला, म्हातारा पोरांना माघारी हाकलतोय. तेव्हा त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला असेल.

मग गलका थांबला. ओढ्याकडून एका माणसानं खणखणीत आवाजात विचारलं, "ओ नकाशेवाले, तुमचा नाव काय? गाव खयचा?"

मरणाच्या दारात माझी जनगणना कशासाठी, ते मला कळेना. तरी मी ओरडून सांगितलं, "भालचंद्र खडतरे, करमाळा."

घोडके हळूच म्हणाला, "सायेब, म्हाताऱ्यानं हातात नारळ घेतलाय." पुढे काय झालं ते मी कानांनी ऐकलं. म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे गावानं देवाशी मोठ्यानं बोलणं. एकानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. आवाज म्हातारा होता पण जराही कापत नव्हता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा. आज तुझो गाव तुझ्या हवाली करून आमी लेकरा शिमेभायर इलंव. आणि ह्यो भालचंद्र खडतरे, करमाळ्याचो, परमुलखातलो, तुझ्या शिमेच्या भुतूर कंपनीच्या खड्ड्यात पडलो. तेका काढूक व्हयो. तुझो शबूद मोडूक नको. म्हनान मीया ही शीम हयसून उचलतंय आणि खड्ड्याच्या पलीकडे नेऊन ठेवतंय. आजपासून खड्डो शिमेभायर, खड्ड्याच्या अल्याड जा काय आसा ता सगळा शिमेभायर. ह्या तू मान्य करून घे म्हाराजा."

याला हुंकार यायला हवा होता. आला नाही. ओढ्यावर एवढी माणसं असून कोणी बोलेना. मला वाटलं, झालं, गावाला हे पटलेलं नाही. माझ्या पाठीमागून पुन्हा माती सुटली आणि कमरेपर्यंत आली.

मग एका बाईचा आवाज आला. शांत, घरातल्या घरात बोलावा तसा. "व्हय म्हाराजा."

आणि तिच्यामागून सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा."

घोडके सांगत होता, म्हातारा नारळ पुढे धरून ओढ्यातून वर येतोय, त्याच्या एक पाऊल मागे सगळे गडी आहेत, त्याच्या पुढे कोणी जात नाही. तो चालत होता आणि शीम त्याच्या हातात होती. त्या सुट्या घराच्या खळ्यातून तो वर आला, खड्ड्याला वळसा घातला, डोंगराच्या अंगाला थोडा पुढे गेला आणि तिथून बाकीच्या गावाच्या बाजूनं खाली उतरत, त्या घराच्या पलीकडे एका धोंड्यावर त्यानं नारळ ठेवला. तो हात टेकून उठतो न उठतो, तोच खड्ड्याच्या तोंडावर चार डोकी दिसली. नाव विचारणारा तो खणखणीत आवाज त्यांतल्याच एकाचा होता. त्याचं नाव जयराम परब. काखेत दोर अडकवायला तो स्वतः खाली उतरला, आणि दोघांवरही माती कोसळू शकत होती हे त्याला माझ्याइतकंच दिसत होतं.

मला वर काढल्यावर थोड्याच वेळात खड्ड्याची एक बाजू धप्पकन आत बसली. सगळ्यांनी ते पाहिलं.

कांबळ्याची डोली करून त्यांनी मला ओढ्यापलीकडे नेलं. तिथं एक म्हातारी काशाच्या वाटीत गरम पेज घेऊन आली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घेवा. रित्या पोटान वरडूक पण जमाचा नाय, वाट मोठी आसा." तिच्या हातून मी ती पेज प्यालो. मग आठ गड्यांनी पाळीपाळीनं मला डांबरी रस्त्यापर्यंत वाहून नेलं आणि एका ट्रकात घातलं. गावकर मला नीट दिसलासुद्धा नाही.

पाय प्लास्टरमध्ये असताना विचार करायला वेळ भरपूर होता. आमच्या साहेबांनी हेदवळचा तुकडा दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरवलं होतं. मी पत्रावर पत्र लिहून तो माझ्यासाठी राखून ठेवायला लावला. शिमग्याच्या दिवसांत, हातात काठी घेऊन, मी आणि घोडके पुन्हा त्या वाटेला लागलो. पिशवीत त्या म्हाताऱ्या गावकरांसाठी, म्हणजे गुणाजी परबांसाठी, धोतरजोडी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लुगडं होतं. जीव वाचवल्याबद्दल काय द्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं, आईला विचारलं तर तिनं हे सुचवलं.

गावात शिरताच दोन कुत्री माझ्या काठीवर धावून आली. मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना हाकललंही नाही. ढोल वाजत होते. देवाची पालखी घरोघर फिरत होती. प्रत्येक खळं सारवलेलं, रांगोळी घातलेली. पालखी आत येई, घरची बाई ओटी भरी, आणि पालखी पुढच्या घरी जाई. मी गावकर कुठे म्हणून विचारलं तर लोकांनी जयरामकडे बोट दाखवलं. डोक्याला फेटा, पालखीच्या पुढे. मी म्हटलं, "गुणाजी परब हवेत. गावकर."

"आता गावकर मीयाच," जयराम म्हणाला. माझ्याकडे न बघता. "चला आमच्या वांगडा."

मी पालखीबरोबर लंगडत चाललो. घरं घेत घेत पालखी वरच्या अंगाला आली. पुढे ते काजूतलं सुटं घर होतं. खळं सारवलेलं होतं, पांढरीशुभ्र रांगोळी होती, आणि पेज देणारी ती म्हातारी हातात ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या शेजारी एक उंच, वाळलेला म्हातारा हात जोडून उभा होता. पालखी त्या घराच्या खाली एका धोंड्यापाशी आली, थोडी थांबली आणि माघारी वळली. ढोलवाल्यांनी ढोल थांबवले होते.

मी जयरामचा हात धरला. हे घर का सोडलं?

"ता गुणाजीदादाचा घर," तो म्हणाला. "शिमेभायर आसा. देव शीम वलांडून खळ्यात जायत नाय."

मला समजायला वेळ लागला, कारण समजून घ्यायची इच्छा नव्हती. तो धोंडा नारळाचा होता. खड्डा आणि ओढा यांच्या मधे गावाचं एकच घर होतं, आणि शीम खड्ड्याच्या पलीकडे गेली तेव्हा ते घर काजूंसकट गावाबाहेर गेलं. ज्याचं घर शिमेत नाही त्याला गावकर राहता येत नाही, म्हणून तो मान चुलतभावाकडे, जयरामकडे आला. पूर्वी पालखी देवळातून निघाली की पहिली त्याच घरी जायची.

"पोरा शीम वलांडतली तर दोष पोरांच्या डोक्यार येतलो, म्हनान दादान तेंका आडवला," जयराम म्हणाला. "आणि गाऱ्हाण्याक आमी व्हय कशे म्हणतलंव? दादाचा घर भायर जाताला. आमचो आवाजच फुटना. बायलमाणसा गाऱ्हाण्यात बोलनत नाय. पण त्या दिसा वयनी बोलली, तेवा आमी बोललंव."

मी वर खळ्यात गेलो. घोडके पिशवी घेऊन मागे आला, पण ती उघडायची लाज वाटावी अशी ती वेळ होती. पेज देणाऱ्या त्या काकींनी, गुणाजीकाकांच्या बायकोनं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि बसायला पाट दिला. मी बसलो नाही. गुणाजीकाकांना म्हणालो, मी बाहेर आलो, चालतोय, आता खड्डाही बुजला आहे. शीम परत होती तिथं नेऊन ठेवा. हवं तर मी गावापुढे हात जोडतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेवा शीम खरीच सरकली, म्हनान तुमका शिमेभायरसून काढला. आता परत सरकवलंय तर काय झाला? देवाक फसवून काढला असा झाला. मगे ज्या पोरांनी तुमका वर वढला, तेंचा काय?"

"पण तुमचं काय, काका?"

"माझा काय? देव हयसून दिसता."

काकी ताट खाली ठेवत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "खळा सारवतंय दर वर्सा, ह्या वर्साय सारवलंय. हातांका कोन सांगतला?" मग म्हणाल्या, "परगावच्या मानसाचो नवस आसलो तर पालखी जाता शिमेभायर. एका ट्रकवाल्यासाठी व्हाळापलीकडे गेलेली. पण आमी काय परगावचे नाय." गावचेही नाही, हे त्या बोलल्या नाहीत. तो आवाज मात्र मी ओळखला, खड्ड्यात ऐकलेला पहिला 'व्हय म्हाराजा' त्याच आवाजातला होता.

मी देवाधर्माच्या वाटेला फारसा न जाणारा माणूस. पण त्या दिवशी उतारावरून काठी टेकत मी जेवढ्या घाईनं खाली गेलो, तेवढ्या घाईनं दोन धड पायांनीही कधी गेलो नसेन. पालखी पुढच्या घराच्या वाटेला लागली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि जयरामला म्हणालो, "गावकर, माझा नवस आहे."

"कसलो?"

"खड्ड्यात असताना बोललो होतो. जिवंत वर आलो तर शिमग्याला या देवाची पालखी गुणाजी परबांच्या खळ्यात नेईन. मी परगावचा आहे. करमाळ्याचा."

खांदे देणारे थबकले. जयराम माझ्याजवळ आला.

"खड्ड्यात तुमी काय काय बोलत व्हतास ता मीया सगळा आयकलंय," तो म्हणाला. "कंपनीक आणि आमच्या गावाक. तेच्यात नवस नव्हतो."

खोटं बोलायची मला सवय नव्हती असं नाही, पण देवाच्या पालखीसमोर एकदाच पुरे होतं.

"पण," जयराम म्हणाला, आणि फेटा सारखा केला, "हळू बोललास आसतलास. ढोल वाजवा रे."

पालखी धोंड्यावरून पुढे गेली. मी पुढे चालत होतो, माझाच नवस म्हणून. वर पोहोचेपर्यंत काकींनी ताट पुन्हा हातात घेतलं होतं, पण पालखी खळ्यात आली तेव्हा त्यांना ओटी भरायचं सुचेचना. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गुणाजीकाकांनी त्यांच्या कोपराला हळूच हात लावला. "गे, देव उबो आसा," ते म्हणाले.

पालखी उठायच्या वेळी जयरामनं मला गावासमोर विचारलं, नवस एकाच वर्षाचो काय दर वर्षाचो? दर वर्षाचा असेल तर नवस बोललेल्या माणसानं स्वतः हजर राहायला हवं. कुणा दुसऱ्याला पाठवून चालत नाही.

"दर वर्षाचा," मी म्हणालो.

नकाशावर मी हेदवळ लिहिलं, नांदतं गाव म्हणून. ते काम तिथं संपलं. पुढे बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली, आणि शिमग्याची रजा कुणी अडवली तर मी साहेबांशी भांडून ती घेतली. गुणाजीकाका गेले, मग काकी गेल्या. आता त्यांच्या सुनेनं सारवलेल्या खळ्यात मी उभा असतो. बायको दर वर्षी विचारते, तुमचा देवावर विश्वास बसला का? त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण मी जिवंत आहे तो कुणामुळे, हे मला नीट ठाऊक आहे, आणि त्या घरी देव यावा म्हणून मला वर्षातून एकदा जावं लागतं.